धबधब्याच्या वरचं पाणी

सैबेरियातल्या कैदेतून परतलेल्या उमेगोरोच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं होतं. मधली तिन्ही बोटं तिथल्या थंडीनं खाल्ली. लढाई संपून तिसरा उन्हाळा चालू होता. लाकडं वाहणाऱ्या ट्रकनं त्याला पुलापाशी सोडलं आणि तो चढण चढून आमच्या हिसावा गावात आला, तेव्हा माझी आई सराईच्या मागच्या दारी मुळे धूत बसली होती. ती सांगायची, मी त्याला ओळखलंच नाही. कुणी भिकारी आहे असं वाटून ती आतून उकडलेला बटाटा घेऊन आली, तर तो कमरेत वाकून म्हणाला, "ओहाना-सान, मी उमे."

आईनं बटाटा तसाच त्याच्या हातात दिला आणि म्हणाली की इथंच बस जरा, इनेला आधी कुणीतरी जाऊन सांगायला हवं. तो बसला. बटाटा सालासकट खाल्ला.

इने त्याची बायको. ती रानातून धावत आली, चार पावलांवर थांबली आणि त्याच्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चला, पाय धुवायला पाणी तापवते." एवढंच. आमच्याकडे माणसं फार बोलत नाहीत, पण आईला ते तेव्हाही खटकलं होतं.

तो फौजेत गेला तेव्हा त्यांचा मुलगा तामोत्सु भिंतीला धरून पाऊल टाकायला शिकत होता. घरात शिरल्यावर उमेगोरोला देवघरात वाडवडिलांच्या नावांच्या पाट्यांशेजारी एक लहान, नवी पाटी दिसली. त्यानं नाव वाचलं. कधी गेला, म्हणून विचारलं. लढाई संपली त्या वर्षी, पानं गळायच्या सुमाराला, इने म्हणाली. कशानं, तर पोट बिघडलं. त्या वर्षी खोऱ्यातली बरीच पोरं गेली. उमेगोरोनं उदबत्ती लावली आणि पुढं काही विचारलं नाही.

त्याच्या घरी तीन पिढ्या माशांवर जगलेल्या. आमच्या कुरोसे नदीत इवाना असतो, ट्राउटच्या जातीचा, पाठीवर पांढरे ठिपके असलेला. हिवाळ्यानंतर बर्फाचं पाणी ओसरलं की उमेगोरोचे वडील बांबूची काठी घेऊन वर जायचे, झोपडीत राहायचे, मासे चुलीवर धुरावून वाळवायचे आणि गरम झऱ्याच्या सराईत आणून द्यायचे. पाहुण्यांना सराईच्या ताटात इवाना लागायचाच. हे लोक गळाला गांडूळ लावत नसत. पिसांची माशी बांधत. शिवणाची सुई निखाऱ्यावर लाल करून वाकवायची, टोकाशी बारीक उलटा काटा काढायचा, तिच्यावर काळा रेशमी दोरा गुंडाळायचा, अंगाला नेच्याच्या कोवळ्या कोंबावरचा तपकिरी कापूस, आणि गळ्याशी रानकोंबडीच्या मानेचं पीस. बाजारात पुढं शेवाळी, तांबड्या, सोनेरी अशा किती तरी तऱ्हेच्या माश्या आल्या, पण उमेगोरोच्या वडिलांनी जन्मभर एकच माशी वापरली. मासा रंग बघत नाही, ते म्हणायचे, तो बघतो ती जिवंत आहे की नाही. म्हणून पीस पुढच्या बाजूला झुकतं बांधायचं. काठीचं टोक हळूच हललं की ते पाण्यात मिटतं आणि उघडतं, बुडणाऱ्या किड्याच्या पायांसारखं.

या कामाला अवजार काही नाही. डाव्या हाताच्या चिमटीत गळ, दोऱ्याचं एक टोक दातात, दुसरं उजव्या हातात. आता उजव्या हातात चिमूटच नव्हती. आल्यावर दोन-चार दिवसांनी उमेगोरोनं जुना डबा काढला, अंगठा आणि करंगळीत दोरा धरून बघितला. दोरा सुटायचा. पीस उडून चुलीत गेलं. तो डबा बंद करून उठणार, तेवढ्यात इने शेजारी येऊन बसली आणि गळ तिनं आपल्या हातात घेतला. लग्नानंतरचे कितीतरी हिवाळे तिनं त्याला माश्या बांधताना पाहिलं होतं. तिची पहिली माशी त्याच्यापेक्षा नेटकी झाली.

"पिसाला तीनच वेढे," तो म्हणाला. "चौथा घेतलास तर सुरवंट होतो त्याचा."

"दोरा दातात आहे माझ्या. बोलायला लावू नका."

"बाबा असते तर तुलाच काठी दिली असती त्यांनी. मला जळणाला पाठवलं असतं."

ती हसली नाही. तिनं गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला.

काठी तो डाव्या हातानं धरायला शिकला. घोड्याच्या शेपटीच्या केसांची दोरी त्यानं स्वतः वळली, पायाच्या अंगठ्यात अडकवून. पाण्यावर जायची रीत मात्र अंगात मुरलेली होती, तिला बोटं लागत नव्हती. मासा तोंड वरच्या बाजूला करून उभा असतो, म्हणून आपण खालून जायचं. सूर्य पाठीशी असेल तर वाकून जायचं, सावली आधी पोचता कामा नये. उडी घेणाऱ्या पाण्यात माशी टाकायची नाही, त्याच्या शेजारी जिथं पाणी श्वास घेतं तिथं टाकायची. पाण्याला आधी माशी लागली पाहिजे, दोरी लागली तर ती जागा त्या दिवसापुरती मेली. आणि तीनदा टाकून काही आलं नाही तर चौथ्यांदा टाकायची नाही, पुढं जायचं. वीतभराहून लहान आला तर ओल्या हातानं सोडून द्यायचा.

पण खालच्या नदीत मासाच कमी. लढाईच्या दिवसांत आणि नंतर शहरातून भुकेलेली माणसं खोऱ्यात आली होती. त्यांनी जाळी लावली, कुणी खाणीतली सुरुंगाची दारू पाण्यात फोडली. दिवसभर फिरून उमेगोरोच्या टोपलीत दोन-तीन मासे पडायचे. सराईच्या मालकीणबाई चांगल्या होत्या, त्या म्हणाल्या की घाई नाही, आधी अंगात ताकद येऊ दे. पण त्यानं मनाशी ठरवलं होतं की तो वर जाणार.

वर म्हणजे धबधब्याच्या वर. कुरोसेचा तो धबधबा घराच्या तिप्पट उंचीचा आहे, मासा त्याच्यापुढं चढूच शकत नाही. वरच्या ओढ्यात मुळात काहीच नव्हतं. उमेगोरो जेमतेम मिसरूड फुटलेला होता तेव्हा त्याच्या वडिलांनी खालचे मासे जिवंत धरून, पाठीवरच्या लाकडी बादलीत घालून, कड्याच्या बाजूनं दोराला धरून वर नेले. वाटेतल्या प्रत्येक झऱ्याशी थांबून पाणी बदलायचं. बापलेकांनी सलग तीन शरद हे काम केलं. मग बाप म्हणाला की आता विसरून जायचं, तुझं लग्न होईपर्यंत इथं गळ टाकायचा नाही. लग्न झालं तेव्हा वर मासाच मासा होता. तरी ते त्याला जपून हात लावत. वाईट वर्षासाठी, असं म्हणत. सैबेरियात लाकडं तोडताना उमेगोरो डोळे मिटून तो ओढा चढायचा, खालच्या कुंडापासून वरच्या बर्चच्या झाडांपर्यंत, एकेक दगड आठवत. हे त्यानं पुढं माझ्या आईला सांगितलं होतं.

इने त्याला अडवत राहिली. हात असा, दोर धरणार कसा, म्हणाली. पाऊस झालाय, दगड ओले असतील. या वर्षी नको. तो म्हणाला की वाईट वर्ष यापेक्षा आणखी वेगळं काय असतं. दोर कोपराला वेढे देऊन, दातानं धरून तो वर चढला.

ओढा तसाच होता. बर्च वाढले होते. पाण्यावर किडे उडत होते, संध्याकाळी तर ढगच्या ढग. त्यानं खालच्या कुंडात माशी टाकली. काही नाही. पुढच्या कुंडात, त्याच्या पुढच्या कुंडात. तीनदा टाकून पुढं जायचं हे तो विसरला आणि एकाच जागी उभा राहून टाकत राहिला. शेवटी काठी ठेवून पाण्यात उतरला, दगडांखाली हात घातले. बोटाएवढं पिल्लूसुद्धा नाही. महापुरानं मासे जातात, पण असे सगळे जात नाहीत, वरच्या डबक्यात तरी चार राहतात. मग दोन दगडांच्या फटीत त्याला सालीचे कुजलेले तुकडे सापडले. तिरफळाच्या झाडाची साल. ती कुटून, राखेबरोबर उकळून, पोत्यात भरून पाण्यात तुडवली की ओढ्यातला एकूण एक मासा पोट वर करून तरंगतो. अंड्यातून नुकता निघालेलाही. आमच्या खोऱ्यात त्याला बंदी आहे, सरकारची नव्हे, आमची स्वतःची, कधीपासूनची ते कुणालाच ठाऊक नाही.

दोराची वाट गावात त्याच्या घराबाहेरच्या एकाच माणसाला माहीत होती. मासुझोला. दोघं एका वर्षाचे, एका वर्गातले. मासुझो कोळसा पाडायचा. एका कानानं बहिरा म्हणून त्याला फौजेनं घेतलं नव्हतं.

उमेगोरो वरून थेट मासुझोच्या भट्टीवर गेला. भट्टीचं तोंड मातीनं लिंपत होता तो. उमेगोरो त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"वर गेलो होतो," तो म्हणाला.

मासुझोनं हात पुसले. "मग कळलंच तुला."

"कुणी केलं?"

"उमे, त्या वर्षी इथं काय होतं ते तू पाहिलेलं नाहीस. बाजरी काळी पडली. पोरं माती चाटत होती."

"मी कुठं होतो तेही तू पाहिलेलं नाहीस. कुणी केलं, ते विचारतोय."

मासुझो भट्टीकडे वळला. मग म्हणाला, "मीच, असं समज."

"समजायला नाही आलो. सांग."

"मी केलं."

उमेगोरोनं डाव्या हातानं त्याच्या तोंडावर मारलं. मासुझो पडला, उठला, उमेगोरोनं पुन्हा मारलं. मासुझोनं हात उचलला नाही. ओठातून रक्त येत होतं. तो म्हणाला की अजून मारायचं असेल तर मार, पण लवकर आटप, तोमे जेवण घेऊन येईल, तिच्यासमोर नको. तोमे त्याची बायको. उमेगोरोला ते ऐकून आणखीच चीड आली. तो मारता मारता रडायला लागला आणि तसाच निघून आला.

पुढच्या दिवसांत त्यानं गावभर सांगितलं. सराईच्या ओट्यावर बसून, येईल त्याला. कान गेला म्हणून घरी राहिला, आणि घरी राहून हे केलं. आम्ही तिकडं मरत होतो आणि हा इथं माझ्या बापाचे मासे मारत होता. लोक मान खाली घालून ऐकायचे. सराईच्या मालकीणबाईंनी मासुझोकडून कोळसा घेणं बंद केलं, उमेगोरोला वाईट वाटू नये म्हणून. तोमेला विहिरीवर बायका जागा देईनात. आणि गंमत अशी की विहिरीवरच्या अर्ध्या बायकांना खरं काय ते ठाऊक होतं. माझ्या आईलाही होतं. ती म्हणायची, तोंड उघडायला गेलं की त्या माशाची चव जिभेवर यायची.

कारण ते मासुझोनं केलं नव्हतं. इनेनं केलं होतं.

त्या वर्षी उन्हाळा आलाच नाही. थंडीनं बाजरी आणि बकव्हीट दोन्ही पिकं काळी पडली, जे होतं ते सरकारी माणसं उचलून घेऊन गेली, आणि शहरातले पाहुणे घराघरात. तामोत्सुचे पाय काड्यांसारखे झाले होते. इनेनं मुलाला तोमेकडे ठेवलं आणि सालीचं पोतं पाठीला बांधून एकटी दोरावरून वर गेली. लग्न झालं त्या वसंतात उमेगोरोनं तिला नेच्याचा कापूस गोळा करायला एकदा वर नेलं होतं, तेवढ्यावर. मासे टोपलीत मावेनात म्हणून ती पुन्हा पुन्हा गेली. उतरताना मासुझोनं तिला पाहिलं आणि काही न विचारता अर्धा भार आपल्या पाठीवर घेतला. तिनं मासे घराघरात वाटले. तोमेचं दूध आटलेलं होतं, तिची हात्सु चार-सहा महिन्यांची. माशांचा रस्सा पिऊन तोमेला दूध आलं आणि हात्सु वाचली. तामोत्सुनं पहिला घास इनेच्या हातून खाल्ला, मग आणखी मागितलं, मग ओकायला लागला. तीन दिवस ओकत राहिला आणि गेला.

शरद लागला तसा मासुझो एकदा उमेगोरो घरी नसताना इनेकडे आला. दाराबाहेरच उभा राहिला. त्याला थोड्या माश्या हव्या होत्या. गांडुळाचा गळ मासा पोटापर्यंत गिळतो आणि मरतो, माशी ओठात लागते आणि मासा जगतो. इनेला लगेच कळलं तो काय करायला निघालाय ते.

"भाऊजी, मी आज सांगते त्यांना," ती म्हणाली. "आज येऊ देत घरी."

"आता नको, वहिनी. झोपेत ओरडतो ना तो? माझ्या घरापर्यंत ऐकू येतं, तेही मला." तो आपल्या कानाला हात लावून हसला. "जरा अंगावर मांस चढू दे त्याच्या. पुढच्या वर्षी सांगा. तोवर मी वर थोडे मासे सोडतो, म्हणजे सांगताना तुमच्या हातात काहीतरी असेल."

"लोक तुमच्या घराला..."

"माझी हात्सु चालते, बोलते, तोमेला उलट उत्तरं देते. लोकांचं काय घेऊन बसलात."

इनेनं त्याला डब्यातल्या माश्या दिल्या. गळांचे उलटे काटे तिनं कानशीनं घासून टाकले, ओठ फाटू नये म्हणून. मग त्याला सांगितलं की मासा हातात घ्यायच्या आधी हात पाण्यात थंड करा, आणि दुपारी नेऊ नका, बादलीतलं पाणी कोमट होतं. हे सगळं तिनं उमेगोरोच्या तोंडून ऐकलेलं.

पानं पिवळी पडली तेव्हा तोमे एके दिवशी भट्टीवर जेवण घेऊन गेली तर मासुझो नव्हता. संध्याकाळपर्यंत आला नाही म्हणून चार माणसं निघाली. त्यांच्यात उमेगोरो नव्हता, त्याला कुणी बोलावलंच नाही. मासुझो धबधब्याच्या पायथ्याशी सापडला. दोर वरच्या खडकावर घासून तुटला होता. बादलीच्या फळ्या त्याच्या पाठीखाली पसरल्या होत्या आणि आजूबाजूला ओल्या दगडांवर इवाना पडलेले होते, सगळे एका मापाचे, निवडून घेतलेले. एखाददुसरा अजून कल्ले हलवत होता, असं माणसं म्हणाली.

उमेगोरोनं ते ऐकलं आणि म्हणाला की लाज वाटली असेल, भरपाई करायला निघाला होता. इने चुलीपाशी होती. तिनं चुलीवरचं भांडं उतरवलं, हात पुसले आणि त्याच्यासमोर येऊन बसली. तिनं सगळं सांगितलं, पोत्यापासून माश्यांपर्यंत. मध्ये थांबली नाही.

त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तामोत्सुनं खाल्ला होता?"

"खाल्ला."

"त्यानंच..."

"माहीत नाही मला. सगळ्या गावानं खाल्ला, कुणाला काही झालं नाही. हात्सुच्या आईनं खाल्ला. त्याचं पोट आधीच गेलं होतं, का माझ्या हाताला साल लागलेली होती, मला नाही माहीत. तुम्ही विचाराल म्हणून मी सांगितलं नाही. दुसरं काही कारण नाही."

तो उठून बाहेर गेला. इनेला वाटलं तो मासुझोच्या घरी गेला असेल, पण तो अंगणात लाकडाच्या ढिगाजवळ उभा होता, थोटा हात काखेत धरून.

अंत्यविधीला तो गेला. सगळ्यांच्या मागं उभा राहिला. विधी झाल्यावर, माणसं पांगल्यावर, तो तोमेसमोर गुडघ्यांवर बसला आणि त्यानं कपाळ जमिनीला टेकवलं. वरच्या ओढ्याचं काय ते मी बघेन, तुमचं जळण, धान्य मी बघेन, असं काहीतरी तो पुटपुटत होता. तोमेनं त्याला बोलू दिलं. मग म्हणाली, "मला मासे नकोत. धान्य नको. तू सराईच्या ओट्यावर बसून सगळ्यांना सांगितलंस ना, त्यानं केलं म्हणून? आता सगळ्यांना सांग, त्यानं केलं नव्हतं."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. मासुझोनंच तिला गप्प राहायला लावलं होतं.

उमेगोरो घरी आला. दोन दिवस त्यानं अन्नाला हात लावला नाही. मासुझोनं केलं नाही म्हणायचं तर मग कुणी केलं, हा प्रश्न येणारच, आणि मुलाबद्दल जे इने त्याच्यासमोर बोलली ते उद्या विहिरीवर बोललं जाणार. तो इनेला म्हणाला की मी सांगतो मीच केलं, लढाईवर जायच्या आधी. इने म्हणाली की तुम्ही गेलात त्या वर्षी वर मासे होते हे गावाला माहीत आहे, खोटं बोलायलाही डोकं लागतं. आणि ती स्वतःच गावच्या बैठकीला गेली.

बैठक पाटील सोएमोनच्या घरी होती. घराघरातून एक माणूस येतो, बहुतेक पुरुष. माझी आई विधवा होती म्हणून तीही तिथं होती. पुलाच्या लाकडांचा विषय चालला होता. इने दाराशी बसली आणि सोएमोन बोलायचा थांबला तेव्हा म्हणाली, "धबधब्यावरचं पाणी मी मारलं. साल मी कुटली. मासुझो-सानचा त्यात हात नव्हता. त्यांनी माझ्यासाठी मार खाल्ला." मग तिनं एकेकाकडे पाहिलं. "तुम्हाला सगळ्यांना मी घरी आणून दिले होते. ज्यानं ते मासे खाल्ले नाहीत असं इथं एकही घर नाही."

शेगडीतला कोळसा तडतडला. आई म्हणायची, त्या वेळी एक जण जरी बोलला असता, शिवी दिली असती तरी चाललं असतं. कोपऱ्यात तोमे बसली होती, मासुझोच्या जागी. ती सगळ्यांची तोंडं बघत होती, एकामागून एक, शेवटपर्यंत. सोएमोननं घसा खाकरला. म्हणाला, बरं. मग म्हणाला, उशीर होतोय, पुलासाठी कुणाकडून किती लाकूड, तेवढं ठरवून टाकू.

तोमे उठून निघून गेली. इने थोडा वेळ बसली, मग तीही गेली. राहिलेल्यांनी लाकूड ठरवलं.

गावानं इनेला काही केलं नाही. तिला कुणी वाळीत टाकलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. सराईनं मासुझोच्या घरचा कोळसा पुन्हा सुरू केला. मासुझोचं नाव निघालं की लोक म्हणायचे, फार चांगला माणूस, आम्हाला तेव्हाच वाटत होतं. उमेगोरोशी मात्र कुणी पहिल्यासारखं बोलेना. आपण सगळे गप्प बसलो हे त्याच्या एकट्याच्या तोंडावर लिहिलेलं असल्यासारखे लोक त्याला टाळत.

वरच्या ओढ्यात मासे न्यायचे त्याच्या मनात होतं. पुढच्या शरदात त्यानं नवा दोर वळला, नवी बादली केली. धबधब्यापर्यंत गेला. तिथं दगडावर बसला, बादलीतले मासे खालच्या कुंडात सोडून दिले आणि परत आला. मग कधी गेला नाही. इने माश्या बांधत राहिली. रस्ता पक्का झाल्यावर शहरातले हौशी लोक काठ्या घेऊन यायला लागले, ते सराईच्या काउंटरवरून तिच्या माश्या घेत. तिचं पीस नेहमी तीनच वेढ्यांचं.

उमेगोरो काठी सोडून मासुझोच्या भट्टीवर जायला लागला. तोमे एकटी भट्टी लावायची. तो सकाळी जाऊन ओंडके फोडायचा, डाव्या हातानं कुऱ्हाड धरून, थोट्या हातानं दांड्याला आधार देऊन. भट्टी भरायची, माती मळायची, पोती पुलापर्यंत वाहायची. तोमेनं त्याला येऊ नको म्हटलं नाही. ती दुपारी हात्सुला घेऊन झाडाखाली बसून जेवायची आणि तो खाली ओढ्याकाठी आपला डबा खायचा. हात्सु मोठी झाली, कापडगिरणीत कामाला गेली, लग्न होऊन समुद्राकडच्या गावात गेली. तोही म्हातारा झाला. शेवटच्या वर्षी त्याला ओंडका उचलवेना, तरी तो येऊन बसायचा. तोमे त्याच्या शेजारून लाकडं उचलून न्यायची.

तो गेल्याचं सांगायला माझी आई भट्टीवर गेली होती. तोमेनं भट्टीचं तोंड लिंपून पुरं केलं, हात धुतले, आणि डोक्याचं फडकं सोडून इनेच्या घरी गेली. मासुझोच्या अंत्यविधीनंतर इतक्या वर्षांत त्याच्याशी ती एक शब्दही बोलली नव्हती. तिथंही बोलली नाही. इनेनं पाणी तापवलं होतं, दोघींनी मिळून त्याला धुतलं.